सूक्ष्म प्रवाहाचे मोजमाप: प्रोब की शंट?

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींची ओळख गेली कित्येक दशके मोठ्या विद्युतप्रवाहाशी जोडलेली आहे. सर्किट ब्रेकर, स्विचगिअर, कंट्रोल पॅनेल ही येथील उत्पादने शेकडो आणि हजारो अँपिअरच्या हिशेबात तपासली जातात. अशा चाचण्यांसाठी भोपाळ किंवा बंगळुरूची वाट धरावी लागू नये, ही येथील उद्योजकांची जुनी मागणी होती आणि केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची शिलापूर येथील प्रादेशिक प्रयोगशाळा त्याच गरजेतून उभी राहिली. मोजमापाची उपकरणे घडवण्यातही हे शहर मागे नाही. १९८२ साली स्थापन झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स ही नाशिकची कंपनी मीटर आणि क्लॅम्प मीटर बनवते. २०११ मध्ये तिने पोलंडमधील लुमेल ही कंपनी ताब्यात घेतली. मोठा प्रवाह मोजण्याचे ज्ञान या शहरात मुरलेले आहे. प्रश्न आता लहान प्रवाहाचा आहे.

लहान म्हणजे किती? काही मिलिअँपिअरपासून खाली काही मायक्रोअँपिअरपर्यंत. बॅटरीवर चालणारे सेन्सर, वायरलेस मीटर, वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग, एलईडी ड्रायव्हरचे कंट्रोल सर्किट अशा ठिकाणी हे प्रवाह भेटतात. ते मोजायचे कसे, यावर डिझाइन करणाऱ्यांत दोन प्रामाणिक मते आहेत. एक म्हणते, ऑसिलोस्कोपला चांगला करंट प्रोब जोडा, तार त्याच्या जबड्यात धरा आणि सर्किटला हात न लावता मोजा. दुसरे म्हणते, सर्किटमध्ये ज्ञात किमतीचा रेझिस्टर, म्हणजेच शंट, टाका आणि त्यावरचा व्होल्टेज मोजून प्रवाह काढा. दोन्ही मतांमागे अनुभव आहे, आणि दोन्ही बाजूंना बसलेले लोक जाणकार आहेत. म्हणूनच हा प्रश्न नीट तोलून पाहायला हवा.

या तोलामोलाचे महत्त्व आकड्यांतूनच कळते. दिंडोरी किंवा निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत जमिनीचा ओलावा किंवा पानांवरचे दव नोंदवणारे एखादे सेन्सर-यंत्र घ्या. त्यात २,४०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आहे असे धरू. यंत्राचा सरासरी प्रवाह १०० मायक्रोअँपिअर असेल, तर ती बॅटरी हिशेबाने २४,००० तास, म्हणजे सुमारे पावणेतीन वर्षे चालेल. तोच प्रवाह ३०० मायक्रोअँपिअर असेल, तर ८,००० तास, म्हणजे अकरा महिने. बॅटरीची स्वतःची झीज यात धरलेली नाही. दोन आकड्यांत फरक आहे केवळ २०० मायक्रोअँपिअरचा. मोजमापात एवढी चूक राहिली, तर तीन हंगाम चालेल असे सांगून विकलेले यंत्र पहिल्याच वर्षी ऐन छाटणीनंतर बंद पडेल. त्याची किंमत बागाईतदार मोजतो. मोजणारा अभियंता त्या वेळी बागेत नसतो.

करंट प्रोबची बाजू आधी पाहू, कारण ती खरोखर भक्कम आहे. तारेतून प्रवाह वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रोबच्या जबड्यातील चुंबकीय गाभा ते क्षेत्र गोळा करतो. बदलता प्रवाह गाभ्यावरच्या वेटोळ्यांतून ट्रान्सफॉर्मरप्रमाणे कळतो. स्थिर किंवा मंद बदलणारा प्रवाह गाभ्याच्या फटीत बसवलेल्या हॉल सेन्सरमुळे कळतो. दोन्हींची सांगड घातली की डीसीपासून कित्येक मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रवाह एकाच पडद्यावर दिसतो. इलेक्ट्रिशियनच्या हातातला टाँग टेस्टर याच कुळातला आहे. तार तोडावी लागत नाही, सर्किटमध्ये काही भर पडत नाही, आणि मोजणारा व ऑसिलोस्कोप दोघेही जिवंत तारेपासून विद्युतदृष्ट्या वेगळे राहतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर काम करताना हा शेवटचा मुद्दा चैनीचा नाही, जिवाचा आहे.

मात्र प्रवाह लहान होऊ लागला की हेच साधन अडखळते. बाजारात सर्वाधिक आढळणारे प्रोब ३० अँपिअरच्या आसपासच्या क्षमतेचे असतात आणि एका अँपिअरला ०.१ व्होल्ट देतात. म्हणजे एका मिलिअँपिअरला १०० मायक्रोव्होल्ट. आता साधा आठ बिटचा ऑसिलोस्कोप घ्या. तो पडद्याची उंची २५६ पातळ्यांत मोजतो. दर चौकटीला २ मिलिव्होल्ट आणि उभ्या आठ चौकटी धरल्या, तर पूर्ण पडदा १६ मिलिव्होल्टचा आणि एक पातळी ६२.५ मायक्रोव्होल्टची होते. एक मिलिअँपिअरचा प्रवाह या पडद्यावर दोन पातळ्याही चढत नाही. त्यातच प्रोबचा स्वतःचा गोंगाट मिलिअँपिअरच्या घरातला असू शकतो. ३० अँपिअरच्या साधनाने एक मिलिअँपिअर मोजणे म्हणजे तीन टन कांद्याची ट्रॉली तोलणाऱ्या भुईकाट्यावर शंभर ग्रॅमचा एक कांदा ठेवणे. दोन्हीकडचे गुणोत्तर तीस हजारास एक असेच आहे. काटा खोटा नसतो, तो त्या कामासाठी बनवलेला नसतो.

यात भर पडते ती सभोवतालच्या चुंबकीय क्षेत्राची. सरळ तारेतून एक मिलिअँपिअर वाहत असेल, तर तिच्यापासून एक सेंटिमीटरवर सुमारे २० नॅनोटेस्लाचे क्षेत्र निर्माण होते. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला आहे, म्हणजे दोन हजार पट. प्रोबचा बंद गाभा बाहेरच्या क्षेत्राचा बराचसा परिणाम नाकारतो हे खरे. परंतु जबड्यांच्या सांध्यातून आणि फटीतून थोडासा आत शिरतोच. रिकामा प्रोब हातात धरून नुसता फिरवला तरी पडद्यावरची शून्यरेषा हलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळा पुरावा नको. शेजारी ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर चालू असेल तर ५० हर्ट्झची लाट वरून मिसळते. अंबडसारख्या वसाहतीत असा शेजार टाळता येत नाही.

महाराष्ट्राने हा पेच एकदा फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद होत होती. शहरातील ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर त्या प्रवाहांमुळे सूक्ष्म नोंदी बिघडणार हे उघड झाले. म्हणून नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत अलिबाग येथे चुंबकीय पदार्थ टाळून नवी वेधशाळा बांधली गेली आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. जुनी जागा मात्र लगेच सोडली नाही. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप होत राहिले, जेणेकरून जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. लहान राशी मोजताना शेजारची मोठी राशी काय करते आणि पद्धत बदलताना कोणती शिस्त पाळावी, या दोन्ही गोष्टी त्या निर्णयात होत्या. तो सांधा जुळल्यामुळेच ही नोंदमालिका आजही जगातील दीर्घ नोंदींमध्ये गणली जाते.

प्रोबचे समर्थक यावर जे उत्तर देतात तेही ऐकण्याजोगे आहे. त्यांचे म्हणणे असे की दोष साधनाचा कमी आणि वापराचा अधिक आहे. मोजण्याआधी प्रोब वीस-तीस मिनिटे चालू ठेवून तापू द्यावा, गाभ्यात उरलेले चुंबकत्व डीगॉस करून काढावे, ज्या जागी आणि ज्या कोनात मोजायचे तेथेच रिकामा जबडा बंद करून शून्य जुळवावे, ऑसिलोस्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित करावी आणि सरासरीची सोय वापरावी. पुन्हापुन्हा येणाऱ्या लाटेच्या शंभर नोंदींची सरासरी घेतली की यादृच्छिक गोंगाट दहापट घटतो. बारा बिटचे ऑसिलोस्कोप २५६ ऐवजी ४,०९६ पातळ्या देतात. शिवाय लहान प्रवाहासाठी खास बनवलेले प्रोबही आता मिळतात. ते अँपिअरला एक व्होल्ट देतात आणि त्यांचा गोंगाट शंभर मायक्रोअँपिअरच्या आत राहू शकतो. तार जबड्यातून पाच वेळा गुंडाळली, तर संवेदनशीलता फुकटात पाचपट होते.

परंतु यातील प्रत्येक उपायाला मर्यादा आहे. सरासरीने यादृच्छिक गोंगाट घटतो. तापमानामुळे हळूहळू सरकणारे शून्य तिला दाद देत नाही. एकदाच येऊन जाणारी घटना सरासरीत पुसली जाते. पाच वेढ्यांनी संवेदनशीलता पाचपट होते, पण प्रोब सर्किटमध्ये जी बाधा घालतो ती वेढ्यांच्या वर्गाने, म्हणजे पंचवीसपट वाढते. वेढ्यांसाठी लागणारी जादा तार स्वतःचे इंडक्टन्स घेऊन येते आणि जलद बदल बोथट करते. प्रोब सर्किटला अजिबात स्पर्श करत नाही, हे विधान मोठ्या प्रवाहापुरते जवळपास खरे आहे. लहान आणि जलद प्रवाहाला ते तसेच्या तसे लागू पडत नाही.

आता शंटची बाजू. तिचा पाया ओहमच्या नियमाइतका साधा आहे. एक मिलिअँपिअर प्रवाह १० ओहमच्या रेझिस्टरमधून गेला की १० मिलिव्होल्ट मिळतात. मघाच्या प्रोबच्या शंभरपट. १०० ओहम घेतला तर १०० मिलिव्होल्ट. ०.१ टक्का अचूकतेचा रेझिस्टर अगदी माफक पैशांत मिळतो, तर डीसीपासून मोजणारा नामांकित बनावटीचा प्रोब सहज लाखांच्या घरात जातो. रेझिस्टर पृथ्वीच्या चुंबकत्वाची पर्वा करत नाही आणि त्याला डीगॉस करावे लागत नाही. त्याची किंमत चांगल्या मल्टिमीटरवर केव्हाही पडताळता येते, आणि तो मल्टिमीटर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेट केलेला असेल तर मोजमापाची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जोडता येते. लहान कारखान्याच्या दृष्टीने ही साखळी हाच मोठा आधार असतो.

दुसरीकडे, शंट हा सर्किटमध्ये बसलेला पाहुणा आहे आणि तो आपला वाटा घेतोच. आपले सेन्सर-यंत्र झोपेत १० मायक्रोअँपिअर घेते आणि रेडिओ संदेश पाठवताना क्षणभर १२० मिलिअँपिअर. १० ओहमचा शंट ठेवला, तर संदेशाच्या क्षणी त्यावर १.२ व्होल्ट पडतात, ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यातून यंत्राला उरतात २.१ व्होल्ट, आणि अनेक रेडिओ तेथेच रीसेट होऊ शकतात. तसे झाले तर मोजलेला प्रवाह त्या यंत्राचा राहतच नाही. शंट ०.१ ओहमचा केला, तर संदेशाच्या वेळी १२ मिलिव्होल्ट मिळतात, ते छान; पण झोपेत मिळतो केवळ एक मायक्रोव्होल्ट. सोल्डर आणि तांब्याच्या सांध्यांत तापमानाच्या फरकाने निर्माण होणारा व्होल्टेजही त्याहून मोठा असू शकतो. एकाच शंटने बारा हजारास एक एवढा पल्ला गाठणे अवघड आहे, आणि हा आक्षेप शंटच्या समर्थकांनी मान्यच करायला हवा.

त्याहून गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. साध्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबची काळी क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावरील शंटच्या फेजकडील टोकाला ती लावली की सरळ शॉर्टसर्किट होते. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत आहे. तिचे समर्थन कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही. तसे केल्यावर उपकरणाच्या उघड्या धातूवर आणि इतर प्रोबच्या क्लिपांवर ३२५ व्होल्टपर्यंतचा शिखर-व्होल्टेज येऊ शकतो आणि हात लावणाऱ्याला त्याची पूर्वसूचना मिळत नाही. अशा सर्किटमध्ये विलग करंट प्रोब, किंवा शंट वापरायचाच तर योग्य क्षमतेचा डिफरन्शियल प्रोब, हाच मार्ग आहे. येथे प्रोबचे पारडे निःसंशय जड आहे.

तथापि ज्या लहान प्रवाहांबद्दल आपण बोलत आहोत, त्यांपैकी पुष्कळसे बॅटरीवरच्या तीन-चार व्होल्टच्या सर्किटमध्ये असतात. तेथे जिवाचा धोका नसतो. शंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे ठेवला की ऑसिलोस्कोपची क्लिप निर्धास्त लावता येते. खबरदारी वेगळ्या प्रकारची लागते. त्याच वेळी यंत्र यूएसबी केबलने संगणकाला जोडलेले असेल, तर संगणकाचे अर्थिंग आणि ऑसिलोस्कोपचे अर्थिंग मिळून शंटला वळसा घालणारी वाट तयार होते, आणि आकडा सुंदर, स्थिर व पूर्णपणे खोटा येतो. १० पट घटवणारा नेहमीचा व्होल्टेज प्रोब वापरला तर मुळातच लहान असलेला संकेत दहापट आणखी लहान होतो. येथे एकास एकचीच जोडणी हवी. शंटवरून व्होल्टेज घेणाऱ्या तारा प्रवाह वाहून नेणाऱ्या तारांपासून वेगळ्या आणि शंटच्या अगदी बुडाशी जोडाव्या लागतात. साधी दिसणारी ही पद्धतही शिस्त मागते.

पल्ल्याच्या आक्षेपालाही काही उत्तर आहे. झोपेचा आणि जागेपणाचा प्रवाह एकाच फटक्यात मोजण्याचा आग्रह सोडला, तर काम सोपे होते. झोपेत एक किलोओहमचा शंट ठेवला की १० मायक्रोअँपिअरला १० मिलिव्होल्ट मिळतात, आणि ऑसिलोस्कोपच्या एक मेगाओहम इनपुटमुळे येणारी चूक ०.१ टक्क्याची असते. यंत्र जागे होण्याआधी एका स्विचने तो शंट ओलांडता येतो. उलटपक्षी, मोठा शंट आणि यंत्रातील कपॅसिटर मिळून फिल्टर बनवतात. एक किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड यांची जोडी १० मिलिसेकंदांहून जलद बदल गिळून टाकते. झोपेत अधूनमधून येणाऱ्या बारीक टोकांचा आकार त्यामुळे दिसत नाही, फक्त त्यांची सरासरी दिसते. बॅटरीच्या आयुष्यासाठी सरासरी पुरेशी आहे; दोष शोधण्यासाठी आकार हवा असतो. प्रोब आणि शंट यांच्यातील खरी वाटणी येथे दिसते.

ज्यांच्याकडे चांगला प्रोबही नाही आणि शंटवरचा लहान संकेत वाढवणारा अँप्लिफायरही नाही, त्यांच्यासाठी तिसरी वाटही आहे. यंत्र थोडा वेळ भारित कपॅसिटरवर चालवायचे आणि त्याचा व्होल्टेज किती घसरतो ते मोजायचे. १,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा व्होल्टेज दहा सेकंदांत ०.१ व्होल्टने घसरला, तर सरासरी प्रवाह १० मायक्रोअँपिअर. कपॅसिटरची स्वतःची गळती वेगळी मोजून वजा करावी लागते, त्याची खरी किंमतही तपासून घ्यावी लागते, आणि लाटेचा आकार यातून मुळीच कळत नाही. परंतु दुसऱ्या पद्धतीने आलेल्या आकड्याची पडताळणी म्हणून ही कसोटी मोलाची आहे, कारण तिच्या चुका प्रोबच्याही नाहीत आणि शंटच्याही नाहीत.

प्रोब आणि शंट यांतील वाद एकाच्या विजयाने संपत नाही, याचा पुरावा आपल्या घराच्या दारातच आहे. भारतातील अनेक सिंगल-फेज वीजमीटरांत फेजचा प्रवाह शंटने आणि न्यूट्रलचा प्रवाह करंट ट्रान्सफॉर्मरने मोजला जातो. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मीटरमध्ये छेडछाड झाल्याचा संशय घेता येतो. शंट स्वस्त आहे आणि बाहेरून चुंबक लावून त्याला सहज फसवता येत नाही. ट्रान्सफॉर्मर विलग आहे, म्हणून एकाच मीटरमध्ये दोन वेगळ्या व्होल्टेजवरच्या तारा मोजणे शक्य होते. मीटर बनवणाऱ्यांनी एका पद्धतीला दुसरीची साक्षीदार केले आहे.

सुरक्षा-मानकांचा कल मात्र एका बाजूला झुकलेला दिसतो, आणि तो दुर्लक्षून चालणार नाही. उपकरणाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून किती प्रवाह जाईल हे तपासताना मानके शरीराचे प्रतिनिधित्व करणारे रेझिस्टर आणि कपॅसिटरचे ठरावीक जाळे वापरायला सांगतात आणि त्यावरचा व्होल्टेज मोजतात. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या भागांसाठी सामान्य स्थितीतील रुग्ण-गळतीची मर्यादा १० मायक्रोअँपिअर आहे. ऑसिलोस्कोपचा साधा करंट प्रोब इतक्या प्रवाहाबद्दल विश्वासाने काही सांगू शकत नाही. उलट, चालू असलेल्या पॅनेलमध्ये गळती कोणत्या फीडरवर आहे हे शोधताना सर्व तारा एकत्र जबड्यात धरणारा गळतीचा क्लॅम्प मीटर हेच हातातले उत्तम साधन आहे. तेथे शंटसाठी तार तोडणे ना शक्य, ना शहाणपणाचे. प्रमाणपत्रासाठी जाळे आणि शोधासाठी क्लॅम्प अशी ही विभागणी आहे.

शेवटी खर्चाचा विचार करावा लागतो. पाच-दहा माणसांच्या कारखान्याला लाखो रुपयांचा प्रोब घेणे परवडत नाही, आणि घेतला तरी तो वर्षातले मोजके दिवस वापरला जातो. याउलट प्रोब नसल्याने एखादा जलद दोष महिनोन्महिने सापडत नाही, हाही खर्चच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतनांपुढेही हाच पेच आहे. विद्यार्थ्याने आधुनिक साधन हाताळलेले असावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु प्रोब जोडून पडद्यावरचा आकडा वहीत उतरवणारा विद्यार्थी आणि शंटवर मोजताना तारांची जागा, अर्थिंग आणि व्होल्टेजची घट यांचा विचार करायला भाग पडलेला विद्यार्थी, यांपैकी दुसऱ्याला मोजमाप अधिक कळते, असे मानायला जागा आहे.

या सर्व बाजू समोर ठेवून आमचा कल पुढीलप्रमाणे आहे. सुमारे दहा मिलिअँपिअरच्या खालच्या, बॅटरीवरच्या किंवा विलग पुरवठ्यावरच्या सर्किटमध्ये पहिला मान शंटला द्यावा. त्याची किंमत मोजायच्या प्रवाहानुसार निवडावी, आणि प्रवाहाचा पल्ला मोठा असेल तर मोजमाप टप्प्यांत करावे. जेथे व्होल्टेज धोकादायक आहे, जेथे प्रवाह काही दहा मिलिअँपिअरच्या वर आहे, किंवा जेथे जलद लाटेचा आकार हाच प्रश्न आहे, तेथे प्रोबला पर्याय शोधू नये. या दोन प्रदेशांच्या मध्ये जो पट्टा आहे, तेथे दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी मोजावे. कुलाबा आणि अलिबाग यांच्या नोंदी दोन वर्षे शेजारी ठेवण्यात जी सावधगिरी होती, तिचे हे लहान रूप आहे. दोन आकडे जुळले तर विश्वास वाढतो. जुळले नाहीत तर चूक ग्राहकाकडे पोहोचण्याआधी हाती लागते.

या कलाला दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, सामाईक सोय. कमी गोंगाटाचे प्रोब, डिफरन्शियल प्रोब आणि बारा बिटचा ऑसिलोस्कोप प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. निमा आणि आयमा या येथील उद्योजकांच्या संघटनांनी एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हाताशी धरून अशी साधने तासाच्या भाड्याने उपलब्ध करून दिली, तर लहान कारखान्यांना शंटने रोजचे काम आणि प्रोबने अधूनमधूनची पडताळणी असे दोन्ही साधेल. साधन सामाईक असले की त्याची निगा कोणाचीच राहत नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. म्हणूनच त्या साधनांसोबत ती चालवणारा, शून्य जुळवणारा आणि कॅलिब्रेशनची तारीख पाळणारा एक जबाबदार तंत्रज्ञ नेमण्याचा खर्च त्या भाड्यातच धरला पाहिजे.

दुसरी, अहवालाची शिस्त. 'झोपेतला प्रवाह १२ मायक्रोअँपिअर' एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा मानावा. तो कोणत्या पद्धतीने मोजला, शंट किती ओहमचा होता आणि त्यावर जास्तीत जास्त किती व्होल्टेज पडला, प्रोब असेल तर शून्य केव्हा जुळवले आणि रिकाम्या जबड्याचा आकडा किती होता, बँडविड्थ आणि सरासरी कशी ठेवली, साधन कधी कॅलिब्रेट झाले, हे चार-पाच ओळींत नोंदवता येते. यासाठी जादा पैसा लागत नाही. विकत घेणाऱ्यांनी अशा ओळी मागितल्या तर विकणारे त्या लिहितील.

या मताशी असहमत असणारे असतील आणि त्यांच्या कामाच्या स्वरूपानुसार ते बरोबरही असू शकतील. पॉवर सप्लाय बनवणाऱ्याला प्रोब प्रथम वाटेल, सेन्सर बनवणाऱ्याला शंट. दहा मिलिअँपिअरची आमची सीमारेषाही पक्की नाही. साधने सुधारतील तशी ती खाली सरकेल, आणि कमी गोंगाटाचे प्रोब स्वस्त झाले तर हा कल पुन्हा तपासावा लागेल. मात्र साधन कोणतेही निवडले तरी त्याच्या चुकीचा आकार ठाऊक असणे ही मोजणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि ती कोणतीही कंपनी प्रोबसोबत खोक्यात घालून देत नाही. मोठ्या प्रवाहांवर नाव कमावलेल्या नाशिकने ही जबाबदारी लहान प्रवाहांच्या बाबतीतही उचलली, तर येथून जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावर छापलेला बॅटरीचा आकडा विकत घेणाऱ्याला खरा मानता येईल.